तीन-सतराची तक्रार

पुढे जे लिहिते आहे ते खरं आहे.

ज्यांना थाप वाटेल त्यांच्याशी हुज्जत घालायची माझी तयारी नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलं. आणि मावशी म्हणजे कशी बाई, तर भूत समोर येऊन उभं राहिलं तरी त्याला म्हणेल, "आधी बंद करून चालू करा, मग बघू."

भुतं रात्रीच येतात असं तुमचं म्हणणं असेल तर तेही बाजूला ठेवा. हे घडलं गुरुवारी, संध्याकाळी चार वाजून दहा मिनिटांनी. सगळे दिवे चालू असलेल्या ऑफिसात.

शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीची चार मजली इमारत आहे. तळमजल्यावर, जिन्याच्या पोटात, एक बिनखिडकीची खोली. दारावर पाटी: हेल्पडेस्क. त्या खोलीत मावशी एकोणीस वर्षं बसली.

एकटीच.

अख्ख्या इमारतीतल्या कॉम्प्युटरांच्या तक्रारी ऐकणं हे तिचं काम. दोनशे दहा मशीन होती. प्रत्येकाच्या डब्यावर पांढरं स्टिकर, त्यावर मजल्याचा आणि टेबलाचा आकडा. फोन आला की मावशी विचारायची, "नंबर?" मग म्हणायची, "माऊसवरून हात काढा." आणि खाली बसल्या बसल्या त्या मशीनचा ताबा घ्यायची. वरच्या माणसाला आपल्या स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरताना दिसायचा. काम झालं की तक्रारीपुढे ती लिहायची, "बंद".

दहातल्या आठ वेळा तर ताबा घ्यायचीही गरज पडायची नाही. "बंद करून चालू करा" एवढ्यावर भागायचं. त्यावरून सगळे तिला रीस्टार्टताई म्हणायला लागले. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीपुरतं उरलं होतं.

दिवसाला चाळीस फोन यायचे. प्रिंटर रुसलाय. फाईल जिथे ठेवली तिथे नाही. अपडेट सुरू झालं आणि सत्तावीस टक्क्यांवर तासभर ठिय्या देऊन बसलंय. माणसं मावशीवरच डाफरायची, स्क्रीनवरचं ते गोल गोल चक्र तीच खालून फिरवत असल्यासारखी. काम झालं की फोन खाडकन बंद. ती कशी आहे हे कुणी विचारायचं नाही.

घरीही वेगळं काही नव्हतं. आजी गेल्यापासून दोन खोल्यांत ती एकटी. लग्न केलं नाही. आम्ही भाचरं म्हणायला होतो. मी माझ्यापुरतं सांगते, मी तिला फोन करायचे तो माझा लॅपटॉप अडला की. लाज वाटते लिहायला. पण खरं सांगायला बसलेय तर हेही सांगायला हवं.

चाळीसातला एक फोन मात्र वेगळा असायचा.

तिसरा मजला, सतरावं टेबल. प्रूफवाले काका. पुस्तक छापायला जायच्या आधी त्यातल्या चुका शोधायचं काम त्यांच्याकडे होतं. तीस वर्षं त्यांनी ते लाल पेनाने कागदावर केलं. मग कंपनीने त्यांच्यापुढे मशीन आणून ठेवलं आणि त्या दोघांचा छत्तीसचा आकडा जमला.

रोज चारच्या सुमारास फोन वाजायचा.

"काय रीस्टार्टबाई, जेवलात का?" हे आधी. मग रड सुरू.

"अहो, मी एक अक्षर लिहितो, तर हे पुढचं एक अक्षर खातंय."

"इन्सर्टचं बटण दाबलं गेलंय काका. पुन्हा एकदा दाबा."

"थांबलं हो. पोट भरलं असेल."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्क्रीनची खालची पट्टी उठून बाजूला चढून बसलेली असायची. तिसऱ्या दिवशी अक्षरं भिंतीएवढी मोठी. मग मावशी सांगायची, कंट्रोल दाबून धरा आणि माऊसचं चाक मागे फिरवा. एकदा तर म्हणाले, "स्क्रीन उलटी झालीये. अर्धा तास झाला, मान वाकडी करून वाचतोय."

"अर्धा तास? आधी का नाही फोन केलात?"

"म्हटलं, माझंच काही चुकलं असेल."

विचार करताना शिफ्टच्या बटणावर बोट आपटायची त्यांना सवय होती. पाच वेळा आपटलं की मशीन 'टुं' करायचं आणि चौकट यायची, स्टिकी कीज चालू करायच्या का? "रोज नाही म्हणतो, तरी रोज विचारतं. चिवट आहे लेकाचं," काका म्हणायचे.

मावशीने सांगितलेली प्रत्येक युक्ती ते एका छोट्या डायरीत टिपून ठेवायचे. आणि पुढच्या आठवड्यात तीच अडचण घेऊन पुन्हा हजर. मावशीला कळायला वेळ लागला नाही. त्यांची बायको वारलेली. एक लेक, ती दुसऱ्या गावी नोकरीला. घरी गेल्यावर भिंतींशी बोलायचं. त्या माणसाला कुणाशी तरी दोन मिनिटं बोलायचं असायचं.

खरं तर तिलाही. दोघांनाही ते ठाऊक होतं, पण बोलून दाखवलं नाही कुणीच.

आता त्या दिवसाचं सांगते.

गेल्या वर्षीचा एक गुरुवार. आदल्या रात्री सगळ्या मशीनवर मोठं अपडेट आलं होतं. सकाळी अख्खी इमारत तिच्या डोक्यावर बसली. कुणाचे पासवर्ड चालेनात, कुणाचा आवाज गेला, कुणाचे सगळे आयकॉन एका कोपऱ्यात गोळा झाले. दुपारचा डबा तसाच राहिला. चारपर्यंत दीडशे फोन झाले होते.

चार वाजून दहा मिनिटांनी तीन-सतराचा फोन आला.

त्या दिवशी काकांनी जेवलात का विचारलं नाही.

"माऊस…" ते म्हणाले. "माऊस… हलत नाहीये."

शब्द जड होते. तोंडात काहीतरी असल्यासारखे.

"बंद करून चालू करा काका," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला. यादीत लिहिलं: तीन-सतरा. माऊस हलत नाही. बंद.

दोन मिनिटांनी पुन्हा तीन-सतरा. मावशीने आकडा पाहिला. आज गप्पांना वेळ नाही काका, असं मनात म्हणाली आणि दुसरी लाईन घेतली. फोन वाजत राहिला. अकरा वेळा वाजला आणि थांबला.

साडेपाचला झाडूवाल्या बाई तिसऱ्या मजल्यावर गेल्या. काका टेबलावर डोकं टेकून बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं होतं, डुलकी लागली. श्वास चालू होता. उजवा हात माऊसवर तसाच होता.

माऊस चांगला होता. त्यांचा हात हलत नव्हता.

अर्धांगाचा झटका होता. तिसऱ्या दिवशी ते गेले. तासभर आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले म्हणे.

लेक आली. वडिलांचं सामान न्यायला ती ऑफिसात आली तेव्हा तिसऱ्या मजल्यावर प्रत्येकाला एकच गोष्ट विचारत होती. मग खाली मावशीच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबांनी त्या दिवशी तुम्हाला फोन केला होता का हो? कुणाला तरी केला असेल ना?"

मावशी म्हणाली, "मला तरी नाही."

पोरीने मान हलवली. एका कागदावर आपला नंबर लिहून ठेवला, काही कळलं तर सांगा म्हणाली, आणि गेली.

मला तरी नाही. हे तीन शब्द मावशीला पुढे अकरा महिने गिळता येईनात की थुंकता येईनात. तो कागद तिने पर्समध्ये ठेवला. रोज काढायची. रोज परत ठेवायची. त्या पोरीला खरं सांगितल्याशिवाय आपली सुटका नाही हे तिला कळत होतं आणि सांगायचा धीर होत नव्हता.

मधल्या काळात प्रूफांचं काम कंपनीने बाहेर देऊन टाकलं. तिसरा मजला रिकामा झाला. तिथली मशीन जुनी होती, नवी ऑपरेटिंग सिस्टीम त्यांना झेपत नव्हती. भंगारवाला येईपर्यंत ती तशीच टेबलावर राहणार होती. मावशीने स्वतः एकेका मशीनची वायर काढली, गुंडाळी केली, रबर लावलं आणि डब्यावर ठेवली. टेबलावरचे फोनही तोडले. सतरा नंबर तिने सगळ्यात शेवटी केला.

हे शुक्रवारी झालं.

सोमवारी ती आपल्या खोलीत बसली होती. सहज तक्रारींची यादी वर सरकवली. आणि…

अकरा महिन्यांपूर्वीची एक तक्रार वरती आली होती.

तीन-सतरा. माऊस हलत नाही. उघडी.

तिने वेळ पाहिली. चार वाजून दहा मिनिटं.

यादीत काहीतरी गडबड झाली असेल, म्हणत तिने तक्रार पुन्हा बंद केली. मंगळवारी चार दहाला ती पुन्हा उघडी. पुन्हा बंद केली.

बुधवारी ती पाण्याचा ग्लास हातात घेऊन बसली होती. कीबोर्ड दोन हात लांब. खोलीत दुसरं कुणी नाही. आणि…

टुं.

तिच्या स्क्रीनवर चौकट आली. स्टिकी कीज चालू करायच्या का?

ग्लास तिने हळूच खाली ठेवला. नाहीवर क्लिक केलं. चौकट गेली.

टुं.

पुन्हा आली.

मावशी घाबरट नाही. एकोणीस वर्षं तिने जगाला जे उपाय सांगितले ते सगळे स्वतःच्या मशीनवर करून पाहिले. कीबोर्ड बदलला. आपोआप चालणारी कामं तपासली. घड्याळाची बॅटरी बदलली. स्टिकी कीजची सोयच बंद करून टाकली. शेवटी बंद करून चालूही केलं. मशीन ठणठणीत होतं. त्या आठवड्यात तिच्या उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत होत्या. दिवसभर माऊस धरून येतात, म्हणून तिने मनगटाखाली रुमालाची घडी ठेवली आणि विषय संपवला.

घरी जाऊन हे कुणाला सांगावं, तर सांगायला कोण होतं? त्या रात्री माझा नंबर तिने काढला होता, असं नंतर म्हणाली. मग वाटलं, पोरगी कामात असेल.

मग गुरुवार उजाडला.

गुरुवारी निम्मं ऑफिस घरूनच काम करायचं. वरून पावलांचा आवाज नाही, लिफ्टचा नाही. तीननंतर एकही फोन आला नाही. मावशी म्हणते, इतकी शांतता तिने त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. तिला फोनची इतकी सवय होती की तो वाजत नाही याचाच त्रास व्हायला लागला.

चार दहा झाले.

यादीत तक्रार उघडली. तिला ते अपेक्षितच होतं. पण मग बाजूच्या खिडकीत तिची नजर गेली. तिथे इमारतीतल्या सगळ्या मशीनची नावं होती. चालू असलेली हिरवी, बंद असलेली करडी. तिसऱ्या मजल्याची सगळीच्या सगळी करडी. आणि मग त्यातलं एक…

हिरवं झालं.

तीन-सतरा.

ज्या मशीनची वायर आपण हाताने काढली ते मशीन चालू दिसतंय. कुणीही उठून बाहेर गेलं असतं. मावशी उठली नाही. तक्रार आली की ताबा घ्यायचा, हे एकोणीस वर्षं अंगात मुरलेलं. तिने ताबा घेतला.

आधी स्क्रीन काळी. मग काकांचा डेस्कटॉप समोर आला. मोठी मोठी अक्षरं. मधोमध बाण.

तिने आपला माऊस हलवला. बाण हलला नाही.

टुं.

चौकट आली. तिने एस्केप दाबून ती घालवली. टुं. पुन्हा चौकट. टुं. पुन्हा. वर कुणीतरी शिफ्ट दाबत होतं. पाच वेळा. थांबून पुन्हा पाच वेळा. कीबोर्डच्या डाव्या टोकाचं बटण. डाव्या हाताला पोचता येईल एवढंच बटण.

त्या गुरुवारी काकांचा उजवा हात गेला, जीभ जड झाली, फोन कुणी उचलेना. मग डाव्या हाताने ते काय करत बसले असतील हे मावशीला त्या क्षणी कळलं. तिला रडू फुटलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

तेवढ्यात फोन वाजला.

पडद्यावर आकडा: तीन-सतरा.

त्या फोनची वायर तिच्याच टेबलाच्या खणात होती.

एकदा वाजला… दोनदा… पाचदा… ती बघत राहिली. आठ… नऊ… दहा…

अकराव्या वेळी तिने उचलला.

पलीकडे कुणी बोललं नाही. फक्त श्वास येत होता. ओला, अडखळत. कुणीतरी शब्द जुळवायचा प्रयत्न करत होतं आणि तो जुळत नव्हता.

एकोणीस वर्षांचं वाक्य मावशीच्या ओठांवर आलं. ते तिने दाताखाली दाबलं.

"काका," ती म्हणाली, "मी वर येते. आत्ता येते. फोन ठेवू नका."

रिसीव्हर तिने टेबलावर आडवा ठेवला आणि निघाली. मोबाईल खालीच राहिला.

लिफ्टची वाट न बघता ती जिना चढली. दुसऱ्या मजल्यापाशी उजवा पाय जड वाटायला लागला. भीतीने पाय गळतात, ती स्वतःशी म्हणाली. कठड्याला धरून उरलेल्या पायऱ्या चढली.

तिसरा मजला. खिडक्यांतून संध्याकाळचं ऊन येत होतं. रिकामी टेबलं, त्यावर धूळ. खुर्च्या कशाही वळलेल्या. काळ्या स्क्रीनची रांगच्या रांग.

आणि शेवटची एक…

चालू.

ती जवळ गेली. डब्यावर वायरची गुंडाळी होती. तिनेच लावलेलं रबर. भिंतीतला प्लग रिकामा. पंख्याची घरघरसुद्धा नव्हती. तरी स्क्रीनवर काकांचा डेस्कटॉप आणि मधोमध तो बाण.

ती काकांच्या खुर्चीत बसली आणि तिने उजवा हात माऊसवर ठेवला.

बाण हलला नाही.

तिने जोर लावला. नाही. मग तिने हाताकडे पाहिलं.

हात हलत नव्हता.

बोटं माऊसवर होती, पण तिची नव्हती. तिने हाक मारायचा प्रयत्न केला. जीभ वळली नाही. तोंडातून एक ओला आवाज तेवढा निघाला, आणि तो आवाज तिने पाचच मिनिटांपूर्वी फोनवर ऐकला होता.

डाव्या हाताने तिने टेबलावरचा फोन ओढला. मुका होता. कुणी येणार नव्हतं. दोनशे दहा मशीनच्या त्या इमारतीत लोक तिला फोन करायचे, शोधायला यायचं नाही कुणी. ती खोलीत नाही हे सकाळपर्यंत कुणाला कळलं नसतं. घरी पोचली नाही हे त्याहून उशिरा. काकांना त्या दिवशी असंच वाटलं असणार, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. तिचा डावा हात कीबोर्डवर गेला. शिफ्ट सापडलं. ती दाबत राहिली.

टुं.

टुं.

आणि मग खालून, तीन मजले खालून, एक आवाज आला. तिच्या खोलीच्या दाराची करकर. ती करकर तिने एकोणीस वर्षं ऐकली होती.

दार उघडलं… आणि लागलं.

समोरची स्क्रीन काळी झाली.

यापुढचं मावशीला आठवत नाही. पुढचं वॉचमनने सांगितलं.

"बाई, तुमच्याच खोलीतून फोन आला ना मला गेटवर," तो हॉस्पिटलात मावशीला म्हणाला. मी शेजारीच उभी होते. "बोर्डावर हेल्पडेस्कचा दिवा लागला. म्हटलं तुम्ही असाल. तर कोणी माणूस बोलत होता. तोंड जड होतं त्याचं, नीट कळत नव्हतं. म्हणाला, तीन-सतरा… बाई हलत नाहीये."

"कोण होता?" मी विचारलं.

"ते विचारलं मी. बोलला नाही. मी वर पळालो. नंतर खोलीत जाऊन पाहिलं, कुणी नव्हतं. रिसीव्हर जागेवर ठेवलेला होता."

वॉचमन सहा महिन्यांपूर्वी लागलेला. काकांना त्याने कधी पाहिलेलंही नाही. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या स्क्रीनचं विचारलं तर तो माझ्याकडेच विचित्र नजरेने बघायला लागला. "कसली स्क्रीन ताई? वायरी गुंडाळून ठेवल्यात सगळ्या."

मेंदूत छोटी गुठळी झाली होती. वेळेत आणलं म्हणून निभावलं, डॉक्टर म्हणाले. मुंग्या येत होत्या तेव्हाच यायला हवं होतं. बोलणं तीन दिवसांत सुधारलं. हाताला वेळ लागणार होता.

तिचा मोबाईल ऑफिसातून तिच्या उशाशी आला आणि दोन दिवसांनी माझ्या हातात. त्यावर त्या गुरुवारचा एकच मेसेज होता, चार वाजून बावीस मिनिटांचा. माझा. "मावशी, वायफाय लागत नाहीये, लगेच फोन कर."

मी तो तिच्या नकळत पुसून टाकला. तिने आधीच वाचला होता की नाही, मला माहीत नाही.

पुढच्या गुरुवारी मी तिला घरी आणलं. चहा दिला. तिने पर्समधला तो कागद काढायला लावला.

"तू नंबर लाव. माझ्याच्याने दाबवत नाही. आणि स्पीकरवर ठेव. मधेच मी गप्प झाले तर तू सांग."

ती गप्प झाली नाही. अडखळत का होईना, तिने त्या लेकीला सगळं सांगितलं. फोन आला होता. मी बंद करून चालू करा म्हणाले. दुसऱ्यांदा उचलला नाही. आणि तुम्हाला खोटं सांगितलं. पुढचंही सगळं सांगितलं, शिफ्टचं बटण, वॉचमनला आलेला फोन, सगळं. एवढं बोलून ती मान खाली घालून बसली. पलीकडून शिव्या आल्या असत्या तरी तिने त्या मुकाट ऐकल्या असत्या.

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"तुमच्या आधी मला केला होता त्यांनी," ती पोर म्हणाली. "मीटिंग होती. मी कट केला. मग तुम्हाला केला असेल."

मावशीने माझ्याकडे पाहिलं.

"म्हणून मी सगळ्यांना विचारत फिरत होते," लेक म्हणाली. "वाटत होतं, आणखी कुणीतरी असावं. मी एकटीच नसावी." मग तिचा आवाज बारीक झाला. "तुम्ही उचललात तेव्हा ते रागावले होते का हो?"

"नाही ग," मावशी म्हणाली. "कुणीतरी यावं, एवढंच होतं."

"माझ्याकडे दर गुरुवारी वाजतो. घरातला फोन. बाबांचा नंबर कधीच बंद केलाय. तरी तोच येतो. मी उचलत नाही. दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून बसते."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाहायला नको होतं.

पलीकडे, तिच्या आवाजाच्या मागे…

घंटी सुरू झाली.

आम्ही दोघींनी ऐकली. स्पष्ट.

"उचल," मावशी म्हणाली. "घाबरू नको. उचल बाळा."

पावलं ऐकू आली. घंटी थांबली. मग लांबून, लहान मुलीसारखा, तिचा आवाज आला.

"बाबा?"

आणि आमची लाईन तुटली.

याला आता चार महिने होत आले. मावशी बरी आहे. हात हलतो. कंपनी सोडली. मी तिला रोज फोन करते, लॅपटॉपसाठी नाही. त्या लेकीचाही एकदा मेसेज आला होता, आता बरं वाटतंय, बाबांशी बोलते. मेसेजमध्ये तिने घरातल्या फोनचा नंबरही दिला होता. दर गुरुवारी चारनंतर तो व्यस्त लागतो. मावशी म्हणते, बोलू दे बापलेकीला, तू कशाला मध्ये पडतेस?

मला पण बरं वाटायला हवं. वाटत नाही.

कारण पहिल्या गुरुवारी तो पाच मिनिटं व्यस्त होता. पुढच्या महिन्यात तासभर. गेल्या गुरुवारी मी रात्री नऊपर्यंत लावून पाहिला, आणि व्यस्तच. मावशीला मी हे सांगितलेलं नाही.

आज मंगळवार आहे. सकाळपासून लावतेय. अजून व्यस्तच.